काळियाचा डोह आणि काठावरची माणसे

२०२४ च्या एप्रिलमध्ये नातवाच्या हट्टाखातर ‘गॉडझिला एक्स काँग : द न्यू एम्पायर’ हा चित्रपट सुरतेच्या एका बहुपडदा चित्रगृहात पाहिला. भेस्तानहून तेथवर पोहोचेपर्यंत नातवाने दोन्ही महाकाय प्राण्यांची कुळकथा ऐकविली होती, त्यामुळे कथानक समजण्यास अडचण आली नाही. खरे तर कथानक असे फारसे नव्हतेच. रोमच्या कोलोसियममध्ये अंग मुडपून निजणारा गॉडझिला, दातदुखीने बेजार झालेला काँग, पिरॅमिडांजवळ जुंपलेली झुंज आणि अखेरीस रिओ द जानेरोत चाललेली मोडतोड. भव्यता डोळे दिपविणारी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. त्याहूनही मला भावली ती काँगची मूक दृश्ये. बराच वेळ एकही शब्द नाही. केवळ नजर आणि हालचाली यांवर गोष्ट पुढे सरकते.

मूकपट म्हटले की दादासाहेब फाळके आलेच. फाळक्यांनी महाकाय प्राणी पडद्यावर आणला तो १९१९ मध्ये, ‘कालिया मर्दन’मध्ये, म्हणजे गॉडझिलाच्या जन्माआधी पस्तीस वर्षे. फाळक्यांचे गुजरातशी असलेले नाते आपल्यासारख्यांनी तरी विसरू नये. ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला आणि प्लेगमध्ये पहिली पत्नी व मूल गमावून त्यांना ते गाव सोडावे लागले. पुढे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत. ती हातचलाखी ‘कालिया मर्दन’मध्ये जागोजागी दिसते. आरंभी त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी नाना भाव चेहऱ्यावर दाखविते आणि पाहता पाहता तिचा बाळकृष्ण होतो. नाग मात्र आजच्या डोळ्यांना कृत्रिम वाटतो, हेही सांगितले पाहिजे; पूर्वार्धातील खोड्याही काहीशा लांबल्या आहेत. परंतु डोहात झुंज चालू असताना फाळके पुन्हा पुन्हा काठावर येतात. तेथे गोकुळ आक्रोश करीत असते. नाग खोटा, पण काठ खरा.

जपानच्या १९५४ च्या मूळ ‘गॉडझिला’तही असा काठ आहे. त्या वर्षी १ मार्च रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा हा चित्रपट प्रदर्शित झाला. रबरी पोशाखात शिरलेला नट छोट्या प्रतिकृती तुडवीत होता. मात्र विध्वंसानंतर कॅमेरा जखमींनी भरलेल्या रुग्णालयात जातो. २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’ने तीच वाट धरली. सुमारे पस्तीस कलावंतांनी त्यातील ६१० दृश्यांचे संगणकीय काम केले आणि २०२४ मध्ये त्याला दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळाले. हॉलिवूडच्या मानाने त्याचा खर्च किरकोळच होता.

रिओतील इमारती कोसळताना चित्रगृहात टाळ्या पडत होत्या. मी मात्र ऑगस्ट २००६ मध्ये जाऊन पोहोचलो होतो. उकाईतून सुटलेले पाणी तापीत मावेना आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला, ते दिवस वाचकांच्या स्मरणात असतीलच. पाणी ओसरल्यावर घरोघर जाऊन पंचनामे करण्याचे काम मजकडे होते. भिंतींवर पाण्याची रेघ, जमिनीवर घोटाभर गाळ. एका घरी काय काय गेले असे विचारताच त्या बाईंनी टीव्ही आणि शिवणयंत्र यांच्याही आधी लग्नाच्या फोटोंचा अल्बम सांगितला. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. मी तो ‘इतर’मध्ये लिहिला, तेव्हा बरोबरचा कारकून माझ्याकडे पाहत राहिला होता.

नव्या चित्रपटातील उणीव मला नेमकी येथे जाणवली. शहरे मोडतात, पण कोणाचे काही जात नाही. दिग्दर्शक अ‍ॅडम विंगार्ड यांना झुंजी उत्तम रचता येतात, यात शंका नाही. आणि केवळ करमणूक हाच हेतू असेल तर माझी तक्रार अरसिकपणाची ठरेल. नातवाने तर ती तशी ठरविलीच.

नंतर एका रविवारी त्याला संगणकावर ‘कालिया मर्दन’ दाखविला. नाग पाहून तो मनसोक्त हसला. कृष्ण पाण्याखाली आणि काठावर रडारड, हे सुरू झाले तेव्हा त्याने विचारले, “आजोबा, हा वर कधी येतो?” पुढे पाहा, एवढेच मी म्हणालो. आज उपलब्ध असलेली या चित्रपटाची प्रत अपुरी आहे. मधले काही भाग कायमचे गेले आहेत. पण कृष्ण वर येतो, तेवढे शिल्लक आहे.