कमळजा देवी (लोणार)

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे, खाऱ्या सरोवराच्या काठी, विवराच्या तळाशी ठाण मांडून असलेली देवी. कमळजा माता, कमलजा, कमळादेवी ही नावेही चालतात. लोणार आज तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी ते मेहकर तालुक्यात होते. वस्ती विवराच्या कडेवर, तर देवी खाली पाण्याला लागून. महाराष्ट्रात देवीच्या दर्शनाला बहुधा चढून जावे लागते. माहूर, सप्तशृंग, चतुःशृंगी ही ठिकाणे सांगायला नकोत. कमळजेकडे मात्र उतरून जावे लागते, आणि तिचे महत्त्व कळायचे तर सुरुवात येथूनच करावी लागते.

दैवतस्वरूप. नावाने ती लक्ष्मीच्या कुळातील, तर पूजेच्या रीतीने दुर्गेच्या. तिचा मोठा उत्सव दिवाळीत होत नाही, आश्विनातील घटस्थापनेला सुरू होतो. अशा दुहेरी ओळखीच्या देवी विदर्भ-मराठवाड्यात अनेक आहेत. त्यांना पुराणातील एखाद्या नावाशी जुळवण्याचा आग्रह पुष्कळदा नंतरचा असतो; भाविकाला तशी गरज पडत नाही. त्याच्या लेखी ती ‘इथली’ देवी असते. ती जन्मत नाही, मरत नाही, ठाण सोडत नाही. आणि तिचे सामर्थ्य त्या जागेचे असते. नवस कुठूनही बोलता येतो, पण फेडायला तिथेच यावे लागते. गाव सोडून मुंबई-पुण्याला स्थायिक झालेली कुटुंबे लग्नानंतर नव्या सुनेला ओटी भरायला मूळ ठाण्यावर घेऊन येतात, त्यामागे हीच धारणा आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात महाराष्ट्रातील मातृदेवतांची ठाणी प्राचीन वाटांच्या आणि तिठ्यांच्या आधारे तपासली. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) देवीचे भूमिरूप उलगडले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील नद्यांकडे स्त्रीरूप म्हणून कसे पाहिले जाते, याचा अभ्यास १९९५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. लोणार हा या तिन्ही वाटांचा तिठा म्हणता येईल. येथे जमीन आहे, पाणी आहे, आणि त्या दोहोंच्या सांध्यावर स्त्रीदैवत आहे. कमळजेला या चर्चेत मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असे नोंदकाराचे मत आहे.

कथा. लोणारची प्रसिद्ध कथा देवीची नाही, लवणासुराची आहे. हा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहून आसपासच्या प्रदेशाला पीडा देई. त्याचे बीळ कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींना मोहात पाडले आणि त्यांच्याकडून ती जागा काढून घेतली. मग पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवले आणि आत झोपलेल्या लवणासुराला मारले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि त्यातला खार हे त्याचे मांस, असे सांगतात. उडालेले झाकण नैर्ऋत्येला सुमारे ३६ मैलांवर, ढाकेफळजवळ जाऊन पडले आणि तेथील टेकडी झाली, अशीही जोड जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये मिळते. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेचे.

कथेत दोन गोष्टी सहज नजरेआड होतात. पहिली, विवराचे गुपित बायकांना ठाऊक आहे. देवालाही ते त्यांच्याकडूनच मिळवावे लागते. दुसरी, काम झाल्यावर विष्णू वर गावात, शिल्पांनी मढवलेल्या मंदिरात जाऊन उभा राहतो. दैत्याचे रक्त मानल्या गेलेल्या पाण्याशेजारी देवी राहते. कथा तिच्याविषयी काही सांगत नाही, पण जागा सांगते. पुराणकथेचा थर वरून आला असेल आणि ठाण त्याच्याही आधीचे असेल, असा तर्क यावरून करता येतो. मात्र तो तर्कच समजावा.

कुंड: पाणी, खार आणि खडक. देवीच्या सामर्थ्याचे हे स्थान. लेखी साधने सर्वाधिक आहेत तीही याचीच.

सर्वांत उपयुक्त जुना उल्लेख अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरचा. वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना तो सांगतो की ब्राह्मण लोणारला विष्णुगया म्हणतात. उंच डोंगरांनी वेढलेले, लांबी-रुंदीला एकेक कोस असे कुंड येथे आहे. त्याचे पाणी मचूळ आहे, पण मध्यावरचे आणि कडेचे घेतले तर गोड लागते. काच आणि साबण करण्याची द्रव्ये येथे मिळतात, त्यांतून बराच महसूल येतो. टेकडीवर बैलाच्या मुखाचा झरा आहे. त्याचे पाणी एरवी कुंडात जात नाही, सोमवती अमावास्येला मात्र जाते. हे वर्णन अकबराच्या दरबारातल्या कारभाऱ्याचे आहे. त्यात मोजमाप आहे, महसूल आहे, तीर्थाचे नावही आहे. काठावरची देवी मात्र नाही. तोच झरा आज ‘धार’ किंवा गोमुख म्हणून ओळखला जातो. तो बारमाही असून यात्रेकरू त्याखाली स्नान करतात.

खाराचा धंदा मोठा होता. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर पांढरा थर धरे आणि उथळ पाण्यात खडे बसत. मजूर पाण्यात उतरून ते गोळा करीत. मालाच्या प्रती ठरलेल्या होत्या: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी, मदखार. रसायनदृष्ट्या हे सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड यांचे कमी-अधिक मिश्रण. साबण, काच, रंगकाम आणि पापडखार असे त्याचे उपयोग. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या नियतकालिकात ला टूश आणि क्रिस्टी यांनी १९१२ मध्ये लोणारचा भूविज्ञान आणि सोडा या दोन्ही अंगांनी आढावा घेतला. खाराविषयीची माहिती आजही बरीचशी त्याच आधाराने दिली जाते.

पाणी खारट का, याचे उत्तर भूरचनेत आहे. कुंडात ओढे-झरे येतात, पण बाहेर वाट नाही. काळ्या पाषाणातून विरघळून आलेले क्षार उन्हाने पाणी उडून जाताना मागे राहतात आणि साठत जातात. पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. त्यात मासे सहसा नांदत नाहीत. नीलहरित शैवाल मात्र उदंड वाढते. पाण्याचा हिरवा रंग शैवालाचा, आणि काठावरचा उग्र दर्प सडणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा. खाली उतरणाऱ्याला तो दर्प मंदिराच्या आधी भेटतो.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १५० मीटर आणि पाण्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली. त्यानंतर दीर्घकाळ हे विवर ज्वालामुखीचे मानले जाई. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी साम्य दाखवले. १९६४ मध्ये लाफाँ आणि डिट्झ यांनी उल्कापाताची शक्यता मांडली. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि वाद बहुतांशी मिटला. प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच येथील खडकांत सापडली, हा त्यातला निर्णायक पुरावा. बेसाल्ट खडकातील उल्काविवर पृथ्वीवर अतिशय दुर्मीळ असल्याने चंद्राच्या अभ्यासकांनाही लोणारचे महत्त्व वाटते. वयाबाबत मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे येते, तर आर्गॉन पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे. अलीकडे दुसऱ्या आकड्याकडे कल आहे.

आकाशातून येऊन जमिनीत घुसलेली अफाट ऊर्जा, तिने फोडलेला दगड आणि त्या खळग्यात साठलेले पाणी. भूविज्ञानाची ही मांडणी आणि अंगठ्याने उडवलेले झाकण यांत काही नाते आहे का, असे अनेकदा विचारले जाते. माणसांनी आघात पाहिला आणि कथेत जपला, असे म्हणायला आधार नाही. दोन्ही कालमापने त्याला पुरती अडचणीची आहेत. कथा रचणाऱ्यांनी खळग्याचा आकार, खारे पाणी आणि सभोवतीची उचललेली कड डोळ्यांनी नीट पाहिली होती, एवढे नक्की.

सासू-सुनेची विहीर. मंदिराजवळच, सरोवराच्या काठावर. एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, अशी तिची ख्याती आहे. सरोवराची पातळी चढली की ती पाण्याखाली जाते आणि उतरली की वर येते. त्यामुळे कित्येकांनी तिचे नाव ऐकलेले असते, पण प्रत्यक्ष पाहिलेली नसते. खडकातून पाझरणारे गोडे पाणी आणि सरोवराचे खारे पाणी येथे शेजारी येते, असे स्पष्टीकरण देता येते. अबुल फजलने कडेचे पाणी गोड लागते म्हटले, ते अशाच एखाद्या झऱ्याविषयी असावे. तसे असेल तर काठच्या गोड्या पाण्याची चव चार शतकांपूर्वीच नोंदली गेली, असे म्हणावे लागेल. खाऱ्या कुंडाच्या काठी पिण्याजोगे पाणी मिळणे, हे देवीचे ठाण नेमके येथे असण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत पटणारे कारण वाटते.

मंदिर. दगडी, यादवकालीन मानले जाते. विवराच्या आत काठाकाठाने रामगया, मोर महादेव, वाघ महादेव अशी आणखी मंदिरे आहेत. त्यांतील बहुतेकांची पडझड झाली असून झाडोऱ्याने ती वेढलेली आहेत. कमळजेकडे मात्र भाविकांची ये-जा राहिली. वास्तुकलेच्या अभ्यासकांचे लक्ष दैत्यसूदन मंदिरावर खिळलेले असते. त्याचा तारकाकृती तळ आणि बाह्यभिंतींवरील शिल्पे पाहता ते साहजिकही आहे. पण जे मंदिर कोरीव कामात उणे असूनही ओस पडले नाही, त्याला इतिहासात दुय्यम स्थान देणे योग्य नाही.

उत्सव. आश्विनातील नवरात्रात यात्रा भरते. स्त्रिया ओटी भरतात.

रंगबदल. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी काही दिवसांत गुलाबी झाले आणि लोणारचे नाव देशभर गाजले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय आला आणि पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे झाल्याचे सांगितले. पाणी आटून क्षारता वाढली की त्यांची वाढ होते. पावसाळ्यात रंग निवळला. लवणासुराच्या रक्ताची कथा ज्या गावात सांगितली जाते, तेथे या रंगाकडे निव्वळ कुतूहलाने पाहिले गेले नसणार.

संरक्षण. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७९ मध्ये विवराला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा दिला. २००० साली ते वन्यजीव अभयारण्य झाले. २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातील दुसरे रामसर पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली. नोंदलेले क्षेत्र ४२७ हेक्टर. यामुळे देवीचे ठाण आता अभयारण्याच्या हद्दीत येते आणि दर्शन, यात्रा, निर्माल्य, वाहने हे सगळे वन विभागाच्या आणि न्यायालयाच्या निर्देशांच्या कक्षेत आले आहे. सांडपाणी, काठावर माजलेली विलायती बाभूळ आणि बदलती पाणीपातळी हे सरोवरापुढील प्रमुख प्रश्न. गोडे पाणी जास्त आले की क्षारता घटते आणि येथील सूक्ष्मजीवसृष्टीचा तोल ढळतो. पाणी चढले की काठावरच्या मंदिरांनाही धोका पोहोचतो.

यात्रेकरूंना सरोवराच्या संकटात गणण्याची सवय संवर्धनाच्या चर्चेत दिसते. निर्माल्य आणि प्लास्टिक यांपुरती ती रास्त आहे. पण या कुंडाला जागृत मानून शतकानुशतके त्याच्याकडे वळणारी माणसे हीच आहेत. ‘आईन’मधील महसूल गेला, डल्ला आणि खुप्पल गेले, ओटी घेऊन खाली उतरणाऱ्या बायका राहिल्या. अभयारण्याच्या व्यवस्थापनात त्यांचे म्हणणे घेतले जावे, आणि नवरात्रात पायवाटेने, प्लास्टिकविना, ठराविक वेळेत दर्शन ही शिस्त त्यांच्याच पुढाकाराने बसवली जावी, असे नोंदकारास आवर्जून वाटते.