पेटी आणि गोविंदराव टेंबे

कोंकणांत पावससारख्या गांवीं देवळांत भजन सुरू झालें, कीं टाळ-मृदंगाच्या जोडीनें पेटीहि वाजूं लागते. हें वाद्य आपल्याकडे इतकें मुरलें आहे, कीं त्याचा जन्म परदेशीं झाला याची आठवणहि सहसा होत नाहीं. अलेक्झांडर दबें या कारागिरानें १८४२ सालीं पॅरिस येथें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. त्याच पॅरिसांत त्या वेळीं शार्ल व्हालाँतँ आल्काँ (१८१३–१८८८) हा पियानोचा असामान्य वादक आणि रचनाकार राहत होता. चाळिशीच्या सुमारास तो मैफलींतून जवळ जवळ नाहींसा झाला व वीस वर्षांनीं, १८७३ मध्यें, पुन्हां लोकांपुढें आला. १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बारा अभ्यासिकांत एकट्या पियानोसाठीं संपूर्ण सिंफनी रचिलेली आहे. मृत्यूनंतर तो बहुतेक विसरला गेला. परंतु त्याचें संगीत छापलेलें होतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेमंड लेवेंथॉल, रोनल्ड स्मिथ इत्यादि वादकांनीं तें त्या पानांवरून पुन्हां जिवंत केलें.

आपल्या संगीतांत वादन कागदावर उतरत नाहीं. मैफल संपली, कीं तेंहि संपतें. मग थोर वादकाचें मागें काय उरावें? गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचें चरित्र या प्रश्नाचें एक उत्तर आहे.

गोविंदराव कोल्हापुरांत वाढले. शाहू महाराजांच्या आश्रयामुळें अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई तेथें राहत होते. अशा वातावरणांत गोविंदरावांनीं गुरूवांचून पेटी हस्तगत केली, आणि भास्करबुवा बखले यांच्या गायनानें त्यांच्या कलेला दिशा मिळाली. पेटीची अडचण उघड आहे. तिची प्रत्येक पट्टी एकाच ठरलेल्या स्वरावर बोलते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला साधत नाहीं. ही उणीव वादकाला भात्याच्या दाबानें आणि बोटांच्या चपळाईनें झांकावी लागते. धीम्या, लांब मींडेच्या गायकीपुढें पेटी दुबळी ठरते. उलट खटका, मुरकी, लहान जलद हरकती यांत ती खुलते.

ही जाण गोविंदरावांना रंगभूमीवर फळली. खाडिलकरांचें ‘मानापमान’ हें नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीनें १२ मार्च १९११ रोजीं रंगभूमीवर आणलें. त्याच्या पदांना चाली देण्याचें काम गोविंदरावांकडे होतें. साकी, दिंडी व कीर्तनी वळणाच्या चाली ऐकणाऱ्या प्रेक्षकांपुढें त्यांनीं पूरब अंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी यांचें लावण्य ठेवलें. चाल आधीं ठरे व शब्द मागून येत. बालगंधर्वांच्या गळ्यानें त्या चाली महाराष्ट्रभर पोंचल्या. पुढें १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. कालांतरानें गोविंदराव तींतून बाहेर पडले व त्यांनीं शिवराज नाटक मंडळी स्थापिली. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या पहिल्या मराठी बोलपटांत हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत हीं दोन्हीं त्यांचींच होतीं.

दरम्यान पेटीवरचे आक्षेप वाढत होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स साहेब यांनीं बावीस श्रुतींना सामावून घेणारी पेटी १९११ च्या सुमारास तयार करविली. पण ती प्रचारांत रुजली नाहीं. अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटी वर्ज्य केली, आणि १९७१ नंतरच तो निर्बंध अंशतः सैल झाला. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. सप्तकांत बाराच स्वर देणारें वाद्य रागाचे सूक्ष्म स्वर दाखवूं शकत नाहीं. मात्र या निर्णयामुळें पेटी घराघरांतून गेली नाहीं. नाट्यगृहांत, देवळांत आणि गाण्याच्या शिकवणींत ती तशीच राहिली.

या वादाचा निवाडा गोविंदरावांच्या चालींत मिळत नाहीं. वादकाच्या प्रश्नाचें उत्तर मात्र मिळतें. पेटीवर जुळविलेल्या त्या चाली पेटीच्या मर्यादेंत अडकल्या नाहींत. पेटीला जी मींड साधली नाहीं, ती गायकांनीं आपल्या गळ्यांतून त्यांत घातली. आल्काँच्या रचनांना छापील पान व समर्थ पियानोवादक यांची वाट पाहावी लागली. गोविंदरावांच्या चाली एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत गेल्या, आणि शंभराहून अधिक वर्षांनीं नाट्यसंगीताच्या मैफलींत आजहि गायिल्या जातात.