सब-१ (भातातील पूरसहिष्णू जनुक)

भाताच्या नवव्या गुणसूत्रावरील एक लहानसा जनुकसमूह. रोप शेंड्यापर्यंत बुडाले तरी सुमारे दोन आठवडे तग धरण्याची ताकद त्यातल्या ‘सब-१ए’ या जनुकामुळे येते. एका जनुकाने शेतात इतका उघड फरक घडवल्याची उदाहरणे तृणधान्यांत मोजकीच आहेत.

भात पाण्यात उभे राहणारे पीक खरे, पण शेंडा बुडाला की तेही गुदमरते. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतात. ऑक्सिजन आत येत नाही आणि रोपात तयार होणारे इथिलीन बाहेर पडत नाही. साठलेल्या इथिलीनमुळे जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाचा जोर वाढतो व साधे रोप हवा गाठण्यासाठी भराभर उंच होऊ लागते. त्यात साठवलेली साखर संपते. पाणी ओसरल्यावर ते आडवे होऊन कुजते. सब-१ए जिबरेलिनला आवर घालते. वाढ थांबते, साखर शिल्लक राहते. पुरानंतर अशा वाणाचे खाचरही मेल्यासारखेच दिसते, पाने पिवळी आणि गाळाने माखलेली. पण काही दिवसांत बुडख्यातून नवी पात वर येते.

हे जनुक मिळाले ते ओडिशातील स्थानिक भातातून निवडलेल्या ‘एफआर १३ए’ या वाणात. पहिले श्रेय ते बियाणे जपणाऱ्या शेतकऱ्यांचेच. केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ मध्ये त्याचे गुणसूत्रावरील स्थान दाखवले. २००६ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्यासह केलेल्या कामातून जनुकाची ओळख पटली. एफआर १३एचे उत्पन्न कमी. म्हणून पूर्व भारतात लोकप्रिय असलेल्या ‘स्वर्णा’शी त्याच्यापासून काढलेल्या एका वाणाचा संकर करून, दर पिढीत डीएनए-खुणा तपासत, फक्त हवा तो तुकडा राखला गेला. ‘स्वर्णा-सब१’ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले. ते जनुकीय फेरफार केलेले (जीएम) वाण नव्हे.

खोल पाण्यातल्या भाताची रीत नेमकी उलटी. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये शोधलेली ‘स्नॉर्केल’ जनुके त्याचे खोड पाण्याबरोबर वाढवत नेतात. पाणी महिनोन्महिने तुंबते तिथे हीच रीत उपयोगी पडते, सब-१ नाही.

ओडिशातील शेतांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पुराच्या सखल जमिनी अधिक करून अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे आहेत, त्यामुळे स्वर्णा-सब१चा लाभही त्यांनाच जास्त होतो, असे त्यात आढळले.