जनुकीय लिपीची उकल

डीएनएची रचना १९५३ साली उलगडली, पण त्यातली माहिती वाचून पेशी प्रथिने कशी घडवते, हे कोडे कायम राहिले. डीएनएत अक्षरे चारच, प्रथिनांत अमिनो आम्ले मात्र वीस. दोन अक्षरांच्या जोड्या सोळाच होतात, तेव्हा एका आम्लासाठी निदान तीन अक्षरे हवीत, असे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉ यांनी १९५४ मध्ये मांडले. त्यानंतर कागदावर अनेक संकेत रचले गेले. त्यांतले काही फार देखणे होते, पण खरा एकही ठरला नाही.

उत्तर मिळाले ते जीवाणू कुटणाऱ्या हातांना. बोस्टनमध्ये पॉल झॅमेक्निक यांच्या गटाने उंदराचे यकृत वाटून, अखंड पेशीबाहेरही प्रथिने तयार होतात, हे आधीच दाखवले होते. बेथेस्डा येथे मार्शल नीरेनबर्ग आणि जर्मनीहून आलेले हाइनरिख माथाई यांनी ई. कोलाय जीवाणूंचा तसाच अर्क काढला आणि त्यात निव्वळ ‘यू’ या एकाच अक्षराचा कृत्रिम आरएनए घातला. कोणते आम्ल साखळीत गुंफले जाते हे कळावे म्हणून आम्लांना किरणोत्सारी खूण केलेली होती. माथाई रात्र-रात्र जागून एकेक आम्ल वगळत गेले. २७ मे १९६१ रोजी पहाटे फक्त फेनिलअ‍ॅलनिन उरले. ‘यूयूयू’चा अर्थ लागला.

पुढची सफाई हरगोविंद खुराना यांची. अविभाजित पंजाबातील रायपूर गावी जन्मलेल्या खुरानांनी विस्कॉन्सिनमध्ये ठरावीक क्रमाचे आरएनए बनवले. ‘यूसीयूसी...’ अशा माळेतून सेरीन आणि ल्युसीन एकाआड एक आले. तिनाच्या गटांत वाचले तर यूसीयू, सीयूसी असेच शब्द पडतात. दोन किंवा चारच्या गटांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येईल. वाचन तीन-तीन अक्षरांचे, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

पेशीत हे वाचन रायबोसोमवर चालते. डीएनएवरून उतरवलेला संदेशवाहक आरएनए त्यातून सरकतो आणि प्रत्येक शब्दाला जुळणारा वाहक आरएनए आपले आम्ल आणून जोडतो. १९६६ पर्यंत सर्व ६४ शब्दांचा तक्ता भरला: ६१ आम्लांचे, ३ साखळी थांबवणारे. १९६८ चे नोबेल नीरेनबर्ग, खुराना आणि वाहक आरएनएची रचना उलगडणारे रॉबर्ट हॉली यांना मिळाले. माथाई त्यात नव्हते, ही उणीव खरोखर खटकते.

हा तक्ता साऱ्या सजीवांना सारखाच लागू आहे, असे तेव्हा मानले जाई. १९७९ मध्ये मात्र मानवी पेशीतील मायटोकाँड्रिया ‘यूजीए’ या थांबण्याच्या खुणेवर न थांबता तिथे ट्रिप्टोफॅन जोडतात, असे आढळले.