६०० डॉलरची जमीन: ‘ऑफ माइस अँड मेन’मधला हिशोब

आज एक छोटी कादंबरी घेतोय: जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’, १९३७ साली आलेली. आधीच सांगतो, शेवट सांगावा लागणार आहे. तुम्हाला आधी वाचायची असेल तर इथेच थांबा. शंभरेक पानांची आहे, एका रविवारी होते.

मी ती पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर वाचली. तेव्हा डोक्यात राहिली ती जॉर्ज आणि लेनीची दोस्ती. आता नोकरीत काही वर्षं गेली, पीएफ आणि मेडिक्लेम हे शब्द रोजचे झाले. परवा परत वाचली, तर नजर गेली ती आकड्यांवर. पैशांचा हिशोब फार चोख आहे हो या पुस्तकात. आज तोच मांडू या.

गोष्ट थोडक्यात अशी. जॉर्ज लहानखुरा, चलाख. लेनी अंगाने धिप्पाड, पण बुद्धी लहान मुलाची. दोघं कॅलिफोर्नियात सोलेदाद गावाजवळच्या एका रँचवर कामाला येतात. सोलेदाद हे खरं गाव, सलिनास खोऱ्यातलं. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थच एकटेपणा! स्टाइनबेक स्वतः याच खोऱ्यातला, जन्म १९०२, सलिनास. तरुणपणी तिथल्या रँचवर त्याने मजुरी केलेली. पाठीवर वळकटी टाकून कामामागे गावोगाव फिरणारे एकटे पुरुष त्याने जवळून पाहिले होते. (कादंबरीच्या हस्तलिखिताचा जवळपास अर्धा भाग १९३६ मध्ये त्याच्या कुत्र्याच्या पिल्लाने फाडून टाकला. दोन महिन्यांचं काम परत करावं लागलं. बॅकअप घ्या मंडळी!)

काळ महामंदीचा. १९२९ ला शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतला साधारण दर चौथा कामगार बेकार होता.

आता हिशोब. जॉर्जने १० एकरांची एक जागा हेरून ठेवलीय, किंमत ६०० डॉलर. स्वस्त का? तर मालक म्हातारा-म्हातारी कफल्लक झालेत आणि म्हातारीचं ऑपरेशन करायचंय. म्हणजे विकणाऱ्यांनाही कुणाचा आधार नाही. जॉर्ज आणि लेनीकडे मिळून आहेत १० डॉलर. पगार प्रत्येकी महिना ५०, राहणं-जेवण मालकाचं. एकट्याने एक पैसाही खर्च न करता बारा महिने काम केलं तर ६०० होतील. पण पिकांच्या हंगामावर चालणारं काम बारा महिने एका जागी मिळणार कसं? आणि शनिवारी गावात जाऊन पगार उडवला नाही तर करायचं काय? वाट बघणारं कुणीच नाही. पैसे साठवायलाही कुणीतरी सोबत लागतं.

मग येतो कॅन्डी. म्हातारा झाडूवाला, एक हात गमावलेला. भरपाई मिळाली २५० डॉलर, शिल्लक ५०, आणि महिनाअखेरचे ५०. झाले ३५०. त्यात जॉर्ज-लेनीचे १०० मिळवले की ४५०. तेवढ्यात सौदा होईल असं जॉर्जला वाटतं आणि तिघं थक्क होऊन गप्प बसतात. कारण स्वप्न आत्ता पहिल्यांदा आकड्यांत बसलेलं असतं.

कॅन्डी आयुष्यभराची पुंजी दोन अनोळखी माणसांपुढे का ठेवतो? त्याच रात्री त्याचा म्हातारा कुत्रा निकामी झाला म्हणून गोळी घालून मारलाय. आता पुढचा नंबर आपला, हे त्याला कळलंय.

इथे इतिहास बघावा लागतो. १९३५ साली, म्हणजे कादंबरीच्या दोनच वर्षं आधी, अमेरिकेत सोशल सिक्युरिटी कायदा झाला. म्हातारपणी पेन्शन, बेकारी भत्ता. त्याच वर्षी युनियन करण्याच्या हक्काला संरक्षण देणारा वॅगनर कायदाही आला. दोन्ही कायद्यांतून दोन गट वगळले होते: शेतमजूर आणि घरकाम करणारे. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातही शेतमजूर नव्हते. म्हणजे कॅन्डी काय, किंवा तबेल्याशेजारी वेगळा ठेवलेला, पाठ मोडलेला कृष्णवर्णीय क्रुक्स काय, यांच्यासाठी सरकारदरबारी काहीच नव्हतं. ती १० एकर हीच त्यांची पेन्शन, आणि दोस्त हाच विमा. क्रुक्सही क्षणभर म्हणतो, मला घ्या, फुकट राबेन. मग मालकाच्या सुनेची एक धमकी येते आणि तो शब्द मागे घेतो. त्याला या विम्यातही जागा नाही.

आणि शेवट. लेनीच्या हातून नकळत त्याच सुनेचा जीव जातो. जमाव मारेल त्याआधी जॉर्ज स्वतःच लेनीला गोळी घालतो. मला यावेळी मात्र त्याच्या जरा आधीचा प्रसंग जास्त लागला. कॅन्डी जॉर्जला विचारतो, आपण दोघं तरी घेऊ ना ती जागा? बघा, हिशोबातून गेलेत फक्त लेनीचे ५० डॉलर. कॅन्डीचे ३५० तसेच आहेत. एखादा महिना जास्त राबलं की झालं. पण जॉर्ज आता बाकीच्यांसारखाच पगार उडवायचं बोलतो. म्हणजे मी इतका वेळ ज्याला विमा म्हणत होतो, त्याचं खरं मोल आकड्यांत नव्हतंच. ज्याच्यासाठी साठवायचं, तोच राहिला नव्हता.

पुढे काय झालं? नियमित काम असलेले शेतमजूर सोशल सिक्युरिटीत आले १९५० च्या दुरुस्तीने. कॅलिफोर्नियात त्यांना युनियनचा कायदेशीर हक्क मिळाला १९७५ मध्ये. त्याआधी १९७० साली याच सलिनास खोऱ्यात लेट्यूसच्या शेतांवर मोठा संप झाला होता आणि त्यात सीझर चावेझ सलिनासच्याच तुरुंगात गेले होते. कॅन्डी तोवर जगला नसता.

पुढच्या वेळी पगाराच्या स्लिपवर पीएफची कपात बघून कुरकुर कराल, तेव्हा कॅन्डीची आठवण काढा. मी काढतो हल्ली. आणि जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी साठवताय, त्या माणसाला एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!