लिनक्स, मराठी आणि हिंगोली : एका वापरकर्ता-परंपरेचा इतिहास

संगणकाचा इतिहास सहसा यंत्रांचा आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि ती यंत्रे रोज वापरणाऱ्या माणसांचे गट त्यात मागे पडतात. लिनक्स या संचालन प्रणालीच्या, म्हणजे संगणकाचे सर्व भाग चालते ठेवणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा धरावा लागतो, कारण महाराष्ट्रात ही प्रणाली दुकानातून विकली जाऊन पसरली नाही, तर एका वापरकर्त्याने दुसऱ्याला हाती धरून शिकवल्यामुळे पसरली. साहजिकच ती कोठे रुजली आणि कोठे रुजली नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा शिकवणारे माणूस कोठे जवळ होते यात अधिक सापडते. मराठवाड्याच्या ईशान्य बाजूला वसलेला, १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा काढलेला आणि हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण लिनक्सवर चालणाऱ्या जागतिक दर्जाच्या एका विज्ञानप्रकल्पासाठी याच जिल्ह्याची निवड झाली आहे, आणि लिनक्स शिकवणारे गट मात्र येथून शेकडो किलोमीटरवर वाढले.

या परंपरेची दोन मुळे आहेत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि 'मुक्त सॉफ्टवेअर' ही कल्पना मांडली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, त्याची मूळ संकेतावली वाचून त्यात बदल करण्याची, त्याच्या प्रती इतरांना देण्याची आणि सुधारलेली आवृत्तीही वाटण्याची मोकळीक वापरणाऱ्याला असली पाहिजे, असा तिचा आशय होता. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण एक संचालन प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि तिचा गाभा, ज्याला 'कर्नल' म्हणतात, १९९२ मध्ये ग्नूच्याच सार्वजनिक परवान्याखाली आला. हा गाभा, ग्नूची साधने आणि खिडक्या, चित्रखुणा व मेनू दाखवणारा 'डेस्कटॉप' यांची एकत्र बांधणी करून ती वापरण्याजोगी देणाऱ्या संचाला 'डिस्ट्रिब्यूशन' किंवा बोलीत 'डिस्ट्रो' म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन या डिस्ट्रो १९९३ मध्ये सुरू झाल्या. 'केडीई' आणि 'ग्नोम' या डेस्कटॉप प्रकल्पांची सुरुवात अनुक्रमे १९९६ आणि १९९७ मध्ये झाली, आणि तेव्हापासून लिनक्स हे आज्ञा टंकित करता येणाऱ्या तज्ज्ञांपुरते साधन न राहता घरातील टेबलावर येऊ लागले.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या शहरांत सुरू झाले, परंतु टेलिफोनच्या तारेवरून संपूर्ण डिस्ट्रो उतरवून घेणे त्या वेगात अशक्यप्राय होते. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत लिनक्स सीडीवरून फिरले: 'पीसी क्वेस्ट' या मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येत, त्या एकाकडून दुसऱ्याकडे जात, आणि परवान्यानेच प्रत काढण्याची मुभा दिलेली असल्यामुळे हे वाटप उघडपणे होई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबई, पुणे, बंगळुरू अशा शहरांत 'लिनक्स यूजर्स ग्रुप' म्हणजे वापरकर्त्यांचे स्थानिक गट उभे राहिले. पुण्यातील गट 'प्लग' या संक्षिप्त नावाने ओळखला जाऊ लागला, आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारे 'ग्नूनिफाय' हे संमेलन पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख होण्याचे ठिकाण ठरले. या गटांना सहसा ना पगारी सेवक होते, ना स्वतःची जागा. एखाद्या महाविद्यालयाचा वर्ग सुट्टीच्या दिवशी मिळवायचा, एकाने विषय मांडायचा आणि उरलेल्या वेळात ज्याची जी अडचण असेल ती सर्वांनी मिळून सोडवायची, असा त्यांचा साधा क्रम होता.

या अडचणींचे स्वरूप पाहिले, की गटाची गरज का होती हे स्पष्ट होते. नवा वापरकर्ता आपल्या संगणकातील विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स बसवू इच्छी; त्यासाठी हार्ड डिस्कचे विभाग पाडावे लागत, आणि त्यात चूक झाली तर घरातील सगळा मजकूर व छायाचित्रे जाण्याची भीती असे. म्हणून गट 'इन्स्टॉल फेस्ट' भरवत. तेथे लोक आपापले संगणक उचलून आणत आणि जाणकार सदस्य शेजारी बसून प्रणाली बसवून देत. त्या काळी संगणकाच्या आत बसवलेले अनेक मोडेम केवळ विंडोजच्या आज्ञावलीवर चालत आणि लिनक्सवर मुके राहत, त्यामुळे कोणता मोडेम किंवा कोणता प्रिंटर घ्यावा हे ज्ञान सदस्यांच्या तोंडीच फिरे. वीज अचानक गेली, की पुन्हा सुरू होताना संगणक संपूर्ण डिस्क तपासत बसे. २००१ मध्ये गाभ्यात आलेल्या 'ईएक्सटी३' या फाइल व्यवस्थेने होऊ घातलेल्या बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय केली आणि ही तपासणी क्षणांवर आणली. भारनियमन सोसणाऱ्या प्रदेशासाठी ही सुधारणा लहान नव्हती.

मराठी ग्रामीण जीवनात सावड आणि इर्जिक या चाली आहेत; एकाच्या शेतातील काम अडले असता शेजारी आपले बैल आणि आपले हात घेऊन येतात, आणि त्याची फेड पैशाने न होता पुढे दुसऱ्याच्या शेतात काम करून होते. लिनक्स गटांचा व्यवहार याच न्यायाने चाले. ज्याला मदत मिळाली त्याने पुढच्या नवख्याला मदत करावी, एवढीच अपेक्षा असे, आणि ती पाळली गेली म्हणूनच ही परंपरा टिकली. परंतु सावडीला शेजार लागतो, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यापासून तो शेजार दूर होता. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'उबुंटू' या डिस्ट्रोने मागेल त्याच्या पत्त्यावर टपालाने विनामूल्य सीडी पाठवण्याची सोय २०११ पर्यंत चालवली, त्यामुळे प्रणाली लहान गावांपर्यंत पोहोचू शकली. मात्र शेजारी बसून ती लावून देणारे माणूस टपालाने येणे शक्य नव्हते.

दुसरा प्रश्न भाषेचा होता, आणि त्यावरील काम हा या इतिहासाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. डेस्कटॉप मराठीत दिसायचा तर देवनागरी अक्षरांना संगणकीय क्रमांक, ती अक्षरे काढणारा मुक्त फॉन्ट, जोडाक्षरे योग्य रीतीने जुळवणारी यंत्रणा, टंकनाची पद्धत आणि हजारो वाक्यांचे भाषांतर, अशा पाच गोष्टी जुळून याव्या लागतात. यांपैकी टंकनासाठी 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक भारतीय मानकाचा भाग म्हणून १९९१ मध्ये निश्चित झाला होता, आणि त्याच वर्षी 'युनिकोड' या जागतिक संकेतप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. तरीही छपाई आणि कचेऱ्यांचे मराठी काम दीर्घकाळ श्रीलिपी, आयएसएम अशा संचांच्या स्वतंत्र संकेतांवर चालले. त्यामुळे एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अर्थहीन चिन्हांची रांग होऊन दिसे, आणि हे संच विंडोजवर चालत असल्यामुळे मराठी टंकन म्हणजे विंडोज असे समीकरण तालुक्याच्या टंकन केंद्रापर्यंत रूढ झाले.

या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी संबंधित असताना त्यांनी घडवलेले देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले, आणि लिनक्सच्या भारतीय भाषांतील आरंभीच्या प्रयोगांना त्यांचा आधार मिळाला. २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी 'इंडलिनक्स' हा प्रकल्प सुरू केला, ज्याच्या समन्वयाची धुरा पुढे जी. करुणाकर यांनी वाहिली. मुंबईतील 'इंडिकट्रान्स' या गटाने प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्या पुढाकाराने मराठी भाषांतराचे आणि 'गार्गी' या मुक्त फॉन्टचे काम हाती घेतले. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची फॉन्टमाला मुक्त केली, आणि तिच्या पुण्यातील कार्यालयात मराठीसह अनेक भाषांचे काम नियमितपणे होऊ लागले.

देवनागरी दिसू लागली तरी ती मराठी झाली असे नव्हते. मराठीत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन वेगळ्या अर्थांचे शब्द आहेत, आणि त्यांतील दुसऱ्या शब्दातील आडवा र हिंदीत नसल्यामुळे हिंदीपुरती तयार केलेली यंत्रणा तो चुकवत असे. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून निराळे असल्यामुळे फॉन्टमध्ये त्यांची स्वतंत्र सोय करावी लागे. आणि 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाला. लिहिताना सहज उमटणाऱ्या अशा एकेका अक्षरामागे चूक नोंदवणे, ती चूक का आहे हे परभाषकांना पटवणे आणि दुरुस्ती तपासणे, असे श्रम आहेत. ते श्रम मराठी वापरकर्त्यांना करता आले, याचे कारण प्रणालीची संकेतावली उघडी होती, हे विसरता कामा नये.

हे सर्व होत असताना हिंगोली जिल्ह्याची परिस्थिती वेगळी होती. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. ज्ञानाचे साधन आपल्या भाषेत नसणे म्हणजे काय, याचा अनुभव या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हिंगोलीची महाविद्यालये पुढे त्याच्या कक्षेत आली. संगणक साक्षरतेचा खरा प्रसार मात्र २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने केला. गावोगावच्या तरुणांना माउस प्रथम त्यानेच हाती दिला, ही त्याची मोठी कामगिरी आहे, परंतु त्याची शिकवण विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांभोवती गुंफलेली होती. हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या वसमत-हिंगोलीसारख्या ठिकाणी व्यापाऱ्याचा हिशेब विंडोजवरील टॅलीत आणि छपाई विंडोजवरील मराठी संचांत होत असताना वेगळी प्रणाली शिकण्याचे व्यावहारिक कारण कोणापुढेच उरत नव्हते.

हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न झाले. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली डिस्ट्रो प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील खैरात या लहान गावच्या शाळेत 'मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला, आणि लिनक्सवर चालणारी ती हिरवी-पांढरी यंत्रे मराठी शाळेतील मुलांच्या हाती आली. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, लिब्रे ऑफिस यांसारख्या मुक्त साधनांचे लहान ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले. जेथे शिकवणारा शेजारी नाही तेथे त्याची जागा काही अंशी भरून काढणारा हा उपक्रम, लहान जिल्ह्यांच्या दृष्टीने या सर्वांत अधिक उपयोगाचा म्हणावा लागेल.

हिंगोलीच्या बाबतीत निर्णायक वळण मात्र एका वेगळ्याच दिशेने आले. गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशाच्या पटावर उठणाऱ्या अतिसूक्ष्म कंपनांचा, पहिला प्रत्यक्ष शोध अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळांनी लावल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि लगेच १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडिया प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. त्याची जागा औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात निवडण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र या संस्था त्यात सहभागी आहेत. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन भुजांत लेसर किरण सोडून ही वेधशाळा मोजणी करणार आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळांत उपकरणांवर क्षणोक्षणी नियंत्रण ठेवणारे संगणक आणि नियंत्रण कक्षातील टेबलांवरचे संगणक लिनक्सवर चालतात. तेथील नोंदींचे विश्लेषण करणारी 'लालसूट', 'पायसीबीसी' यांसारखी आज्ञावली ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली सर्वांना खुली आहे, आणि वेधशाळांच्या नोंदीही ठरावीक काळाने जगासाठी खुल्या केल्या जातात.

याचा अर्थ असा, की हिंगोली किंवा कळमनुरीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जगातील अग्रगण्य शास्त्रज्ञ वापरतात तीच प्रणाली, तीच आज्ञावली आणि त्याच नोंदी एकही रुपया परवानाशुल्क न देता आपल्या संगणकावर आणता येतात. त्यासाठी नवे यंत्रही लागत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि तिची पुढची आवृत्ती अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. शाळा-महाविद्यालयांत पडून राहू शकणारी अशी यंत्रे हलक्या लिनक्स डेस्कटॉपवर आणखी काही वर्षे उत्तम काम देऊ शकतात. आज जवळजवळ प्रत्येकाच्या हातातील अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच गाभा आहे, परंतु संकेतावली उघडून पाहण्याची आणि बदलण्याची सवय फोनच्या पडद्यावर लागत नाही. ती डेस्कटॉपवरच, आणि कोणाच्या तरी शेजारी बसूनच लागते.

या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. मराठी लिनक्स कोणत्याही एका शासकीय आदेशाने किंवा एका कंपनीच्या कृपेने घडले नाही. प्राध्यापक, सुलेखनकार, नोकरदार अभियंते आणि विद्यार्थी यांनी आपला वेळ देऊन ते घडवले, आणि जेथे असे गट जमले तेथेच ते रुजले. औंढ्याच्या माळावर वेधशाळा उभी राहत असताना जिल्ह्यातील महाविद्यालयांनी महिन्यातून एक दिवस आपली प्रयोगशाळा अशा गटासाठी उघडी ठेवावी, पुण्या-नांदेडच्या जाणकारांना तेथे बोलवावे, आणि मराठीच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी डेस्कटॉपच्या भाषांतरात उरलेले काम हाती घ्यावे. वेधशाळेला लागणारे तंत्रज्ञ बाहेरून आणता येतील. पण जिल्ह्याची स्वतःची वापरकर्ता-परंपरा जिल्ह्यातील माणसांनीच उभी केली पाहिजे, आणि तिचा आरंभ करण्यासाठी आजच्याइतकी अनुकूल वेळ हिंगोलीला पूर्वी कधीही आली नव्हती.