चाड्यावरची मूठ

शेतीचा इतिहास लिहिणारे नांगरावर पुष्कळ लिहितात, आणि ते योग्यच आहे. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे तोच नांगर गावोगाव गेला. मला मात्र पेरणीच्या अवजाराबद्दल सांगायचे आहे, कारण ते एकट्या गड्याने चालतच नसे.

देशावर तिला पाभर म्हणतात, विदर्भाकडे तिफण. बनावट अगदी साधी. खाली आडवे जाड लाकूड, ते दिंड. त्यात तीन किंवा चार फण ठोकलेले. प्रत्येक फणाला भोक, त्यात पोकळ बांबूची नळी, आणि साऱ्या नळ्यांची वरची तोंडे एका लाकडी वाटीच्या बुडाशी आणलेली. ही वाटी म्हणजे चाडे. काम गावच्या सुतार-लोहाराचे. रोख पैसा नाही, सुगीला बलुत्याचे धान्य घालायचे.

बैल हाकणारा बैलांकडे पाही. चाड्यावर मूठ धरी ती पुष्कळ घरी घरचीच बाई. ओटीत बियाणे घ्यायचे आणि ढेकळांतून चालता चालता मुठीतून दाणे असे सोडायचे की सगळ्या नळ्यांत सारखे पडावेत. बाजरीचा दाणा बारीक, त्याला मूठ आवळायची. हरभऱ्याला सैल सोडायची. मूठ अडली की ओळीत खंड पडे, सुटली की पेर दाट होई. आणि आठवड्याने कोंब वर आले की कोणाची मूठ कशी, ते साऱ्या गावाला दिसे! नांगराचे तास वाकडे गेले तर पुन्हा नांगर घालता येतो. पेर बिघडली तर वाफसा निघून जातो, आणि दुबार पेरायला बियाणे कोठले आणायचे? ते बियाणेही राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून वर्षभर सांभाळलेले असे, तेही आम्हीच.

ओळी सरळ आल्या तरच त्यांच्यामधून कोळपे फिरते. कोळप्यातून सुटलेले तण खुरप्याने काढायचे, आणि खुरपे तर बायकांच्याच हातचे. इंग्रज सरकारने १८८९ साली डॉ. व्होल्कर यांना इकडची शेती पाहायला पाठवले. इथले शेतकरी रान किती स्वच्छ, बिनतणाचे ठेवतात, याची वाखाणणी त्यांनी १८९३ च्या अहवालात केली. ती खुरपणी बहुतेक बायांची होती.

आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात चकतीच दाणे मोजून टाकते, मूठ लागत नाही. खुरपणीला अजून बाया लागतात.

शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. पुढे तिच्याच लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात अनेक नवऱ्यांनी आपली थोडी जमीन बायकोच्या नावे करून दिली. आपल्या मंडळातल्या ज्यांची गावी शेती आहे, त्यांनी यंदा गावी गेल्यावर सातबाऱ्याचा उतारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहून यावे.